टोचन आणि चुंबक

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून न्यायची म्हटले की आपल्या तोंडी ‘टोचन’ हा शब्द येतो. या शब्दामागे पिढ्यानपिढ्या ठरून गेलेली कृती आहे. दोर किंवा लोखंडी दांडा बांधायचा, बंद गाडी न्यूट्रलला टाकायची, हँडब्रेक सोडायचा, स्टिअरिंगवर एक भरवशाचा माणूस बसवायचा आणि झटका न देता निघायचे. यातल्या दोराकडे सगळ्यांचे लक्ष असते. तो जुना आहे का, गाठ नीट बसली का, अंतर किती ठेवले, हे सगळे पाहिले जाते. न्यूट्रलकडे मात्र कोणी पाहत नाही, कारण ते गृहीतच धरलेले असते. गिअरची दांडी मधल्या खाचेत आणली की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो आणि गाडी एखाद्या हातगाडीसारखी मोकळी फिरते. टोचनाची सगळी सुरक्षितता या एका गृहीतावर उभी आहे. आजच्या इलेक्ट्रिक पिकअपमध्ये नेमके हेच गृहीत खरे नाही. तिच्या पडद्यावर ‘एन’ हे अक्षर उमटते, पण चाके आणि मोटर एकमेकांपासून सुटत नाहीत. म्हणून अशी पिकअप दुसऱ्या वाहनामागून न्यायची असेल तर तिची चारही चाके जमिनीवरून उचललेली हवीत. हा नियम निर्मात्यांच्या अतिसावधपणातून आलेला नाही, तो मोटरच्या रचनेतूनच येतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो अमेरिकेत, आणि त्याला कारण आहे. तिथे निवृत्तीनंतर किंवा सुट्टीत मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे अख्खे घर, घेऊन महिनोन्‌महिने भटकणारी मोठी जमात आहे. हे घर एकदा मुक्कामाला लावले की भाजी आणायला किंवा डोंगरात फेरी मारायला ते हलवणे परवडत नाही. म्हणून मागे एक छोटी गाडी चारही चाकांवर ओढत नेण्याची पद्धत तिथे रुळली. जीप रँग्लर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात गिअरबॉक्सनंतर ट्रान्सफर केस असते आणि त्या केसला स्वतंत्र न्यूट्रल असते. ते लावले की गिअर ‘पार्क’मध्ये असला तरी पुढची-मागची चाके पूर्ण मोकळी होतात, आणि जीप मोटरहोममागून शेकडो किलोमीटर निमूट चालत राहते. पेट्रोलवर चालणाऱ्या चार-चाकी-चालन फोर्ड एफ-१५० मध्येही अशी सोय आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये रिव्हियन आर१टी, २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर फोर्ड एफ-१५० लाइटनिंग आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये टेस्ला सायबरट्रक ग्राहकांच्या हाती आल्या. साहजिकच जुन्या सवयीचा माणूस विचारू लागला की ही पिकअप मागे बांधून का नेऊ नये? तिन्ही कंपन्यांचे उत्तर एकच आहे: सपाट पाठीच्या ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवा, चाके रस्त्यावर फिरवत नेऊ नका. हे उत्तर अनेकांना पटत नाही, कारण त्यामागचे कारण त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते.

कारण समजायला गाडीखाली वाकून पाहायला हवे. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या मागे क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर आणि त्यामागे बदलते गिअर असतात. इलेक्ट्रिक पिकअपमध्ये हे बहुतेक काही नसते. मोटरचा आस, वेग कमी करणारे गिअरचे एक-दोन जोड, डिफरन्शियल आणि तिथून थेट चाकाकडे जाणारे दांडे, एवढीच साखळी. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण ताकद देते, म्हणून क्लचची गरज नाही. ती एकाच गिअरमध्ये सगळा वेगपल्ला सांभाळते, म्हणून गिअर बदलायची गरज नाही. वजन वाचते, बिघाड कमी होतात, गाडी गुळगुळीत चालते. याची किंमत एवढीच की चाक फिरले की मोटर फिरलीच पाहिजे. किती फिरते तेही पाहू. अशा पिकअपचे टायर साधारण ८४ सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे एका फेरीत ते सुमारे २ मीटर ६४ सेंटिमीटर रस्ता कापते. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाकाच्या मिनिटाला सहाशेहून अधिक फेऱ्या होतात. मधले गिअर त्या साधारण नऊ-दहापट करतात. म्हणजे ज्या मोटरला आपण ‘बंद’ समजतो ती मोटर मोटरहोममागे मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी गरगरत असते, तासन्‌तास, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला गाडीत कोणीही नसते.

नुसत्या फिरण्याने काही बिघडले नसते. पण मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेली गोष्ट इथे आडवी येते. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक हलले की त्या तारेत विद्युतदाब निर्माण होतो. आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक पिकअपच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात निओडिमियमची कायमची चुंबके बसवलेली असतात. त्यांचे चुंबकत्व बटण दाबून बंद करता येत नाही. किल्ली खिशात असो वा घरी, पडदा काळा असो वा उजळ, चुंबके फिरली की भोवतीच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत व्होल्टेज तयार होणारच, आणि ते फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत जाणार. मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये इन्व्हर्टर नावाची पेटी असते. तिच्यातले इलेक्ट्रॉनिक स्विच चालू-बंद करता येतात, पण प्रत्येक स्विचच्या जोडीला एक डायोड असतो, आणि डायोडला कोणाचा हुकूम लागत नाही. तो एकेरी दरवाजा आहे. मोटरच्या बाजूचा दाब पलीकडच्या दाबापेक्षा वाढला की तो आपोआप उघडतो. गाडी नेहमीसारखी चालत असते तेव्हा संगणक ठरावीक प्रवाह सोडून चुंबकांचा हा प्रभाव काबूत ठेवतो. भरधाव वेगात तर हे काम सेकंदाला हजारो वेळा चाललेले असते. गाडी झोपलेली असेल तर ते काम करणारा जागा नसतो. मोटर तेव्हा एक बेलगाम जनित्र बनते.

पुढे काय होते ते त्या गाडीच्या स्थितीवर अवलंबून आहे. मुख्य बॅटरीला जोडणारे कॉन्टॅक्टर बंद गाडीत उघडलेले असतात, म्हणजे तयार झालेल्या विजेला बॅटरीकडे जायची वाट नसते. मग ती इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये साचते आणि तिथला दाब वेगाबरोबर चढतो. कपॅसिटर आणि स्विच यांची सहनशक्ती संपली की ते फुटतात किंवा जळतात. हे टाळण्यासाठी काही इन्व्हर्टर मोटरच्या तिन्ही तारा आपसात जोडून टाकतात. त्यामुळे दाब चढत नाही, पण गुंडाळ्यांतून सतत प्रवाह वाहू लागतो, मोटर चाकांना मागे खेचू लागते आणि तापते. तापलेली मोटर थंड ठेवणारा पाण्याचा पंप मात्र बंद असतो. निओडिमियमच्या साध्या चुंबकांची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या पुढे घटू लागते. गाड्यांसाठी डिस्प्रोसियम घालून केलेली चुंबके दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तग धरतात, पण त्यापलीकडे त्यांचेही चुंबकत्व कायमचे कमी होते, आणि ते परत भरून काढता येत नाही. बेअरिंगची गोष्ट तर याहून साधी. ज्या मोटरमध्ये तेल विजेच्या पंपाने फिरवले जाते, तिथे पंप बंद म्हणजे तेल बंद. मिनिटाला सहा हजार फेऱ्या करणारे बेअरिंग कोरडे चालवले तर त्याचे काय होते हे सांगायला गॅरेजमधला नवखा पोरगाही पुरे.

इथे पहिला आक्षेप येतो. मग पडद्यावरचा ‘एन’ काय करतो? त्याचा अर्थ इतकाच की संगणक मोटरला जोर लावायला सांगत नाही आणि पार्किंगची अडसर-खीळ काढलेली आहे. गाडी धुलाई केंद्राच्या पट्ट्यावरून सरकवायला, गॅरेजमध्ये दोन हात पुढे ढकलायला ते पुरेसे आहे. टेस्ला आपल्या गाड्यांत ‘ट्रान्सपोर्ट मोड’ देते, आणि तिच्या मोटारींच्या पुस्तिकांत त्याची मर्यादाही छापते: ताशी ८ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि १० मीटरपेक्षा कमी अंतर, तेही फक्त वाहून नेणाऱ्या ट्रकवर चढवण्यापुरते. मर्यादा एवढी तुटपुंजी आहे यातच सगळे आले. माझ्या मते दोष इथे निर्मात्यांचाही आहे. शंभर वर्षे ज्या अक्षराचा अर्थ ‘सुटलेले’ असा होता, तेच अक्षर त्यांनी ‘जोर न लावणारे’ या अर्थाने वापरले आणि फरक पुस्तिकेच्या आतल्या पानावर ठेवला. रात्री रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस पुस्तिका उघडत नाही. तो अक्षर वाचतो. ‘एन’ लावताक्षणी त्याच पडद्यावर ‘ओढू नका’ एवढे दोन शब्द उमटवणे अवघड नाही, आणि ते व्हायला हवे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो आणि तो जास्त चिवट आहे: ‘आम्ही दोर लावून मैलभर नेली, काही झाले नाही.’ हे खरे असू शकते, आणि ते का खरे असू शकते हे वरच्या विवेचनातच दडलेले आहे. व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढते. सावकाश चालीने ओढल्यास ते इतके थोडे असते की घटकांच्या सहनशक्तीच्या जवळपासही पोहोचत नाही. पण एका उंबरठ्यापलीकडे चित्र पालटते, आणि तो उंबरठा कुठे आहे हे मोटरच्या गुंडाळीवर, चुंबकांवर, गिअरच्या प्रमाणावर ठरते. गाडीमालकाला तो आकडा कोणी देत नाही. त्यामुळे ताशी दहा किलोमीटरचा निर्धोक अनुभव ताशी ऐंशी किलोमीटरबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय चुंबकांची थोडी ताकद गेली किंवा बेअरिंगवर चरे उठले तर ते त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी आवाज येतो, पल्ला कमी होतो, आणि तोवर त्या दोराची आठवण कोणाला राहिलेली नसते.

जाणकार वाचक आणखी एक मुद्दा काढतील. सगळ्या मोटरमध्ये कायमची चुंबके नसतात. निकोला टेस्लाने १८८८ साली ज्या जातीच्या मोटरची पेटंटे मिळवली त्या इंडक्शन मोटरमध्ये रोटरला चुंबकत्व बाहेरून दिलेल्या प्रवाहानेच येते. प्रवाह नाही तर चुंबकत्वही जवळजवळ नाही. अशी मोटर झोपेत फिरली तरी तिच्यातून फारशी वीज निघत नाही. मुद्दा रास्त आहे, पण त्याने विजेचा धोका मिटतो, तेलाचा नाही. शिवाय अनेक गाड्यांत एका आसाला इंडक्शन आणि दुसऱ्याला चुंबकाची मोटर असते. तसेच काही गाड्यांत एका आसाची मोटर चाकांपासून खरोखर सोडवणारा यांत्रिक जोड असतो. ह्युंदाईने २०२१ च्या आयोनिक ५ मध्ये पुढच्या मोटरसाठी तो दिला. पण त्याचा हेतू महामार्गावर वीज वाचवण्याचा होता, आणि मागची मोटर कायम जोडलेलीच राहते. दोन्ही आसांवर असा जोड बसवला, तेलाची सोय केली आणि स्टिअरिंग-ब्रेकसाठी वीज पुरवत राहिले तर चारही चाकांवर ओढता येणारी इलेक्ट्रिक पिकअप बनवता येईल. भौतिकशास्त्राची त्याला आडकाठी नाही. आडकाठी खर्चाची, वजनाची आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्या थोड्या गिऱ्हाइकांची आहे.

मग दोनच चाके उचलली तर? पुढच्या चाकांवर चालणारी छोटी मोटार असेल तर ही युक्ती चालते. पुढची चाके दोन चाकी डॉलीवर घ्यायची, मागची मोकळी फिरू द्यायची. पण लाइटनिंगला पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटर आहेत, आणि चार मोटरच्या रिव्हियनला तर प्रत्येक चाकाला एक. कोणतीही बाजू उचला, उरलेल्या बाजूला चुंबक आहेच. उचलणाऱ्या क्रेनशिवाय दुसरे काहीच मिळत नसेल तर रस्त्यावर राहणाऱ्या चाकांखाली छोट्या चाकांचे पाळणे घालावेत, म्हणजे गाडीचे स्वतःचे चाक फिरतच नाही. हा मुद्दा आपल्याकडेही आता दूरचा राहिलेला नाही. ‘छोटा हत्ती’ म्हणून घराघरांत माहीत असलेल्या टाटा एसची इलेक्ट्रिक आवृत्ती मे २०२२ मध्ये आली, आणि विजेवरच्या मालवाहू गाड्या शहरांतून रोज धावत आहेत. आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे क्रेनने पुढचा भाग उचलायचा आणि मागची चाके फरफटत न्यायची. मोटर मागच्या चाकांना असेल तर हे नेमके उलटे झाले. बंद गाडी ओढताना ताशी पंचवीसेक किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको, असे आपले नियम सांगतात. पण तो आकडा दोर आणि ब्रेक डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला आहे. त्यात चुंबकाचा विचार नाही, आणि पुस्तिकेतली मर्यादा त्याहून कितीतरी खाली असू शकते.

सर्वांत मोहक कल्पना मात्र वेगळीच आहे. गाडी ओढली की वीज तयार होते ना, मग ओढता ओढता बॅटरीच भरून घ्यावी! गाडी चालू ठेवून, ड्राइव्हमध्ये टाकून असे प्रयोग काहींनी केलेही आहेत, आणि बॅटरी खरोखर भरते. हिशेब करून पाहू. ताशी ९० किलोमीटर वेगाने ओढताना पिकअप ३० किलोवॅट वीज साठवते असे धरू. एका तासात ३० युनिट झाले. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटांची आहे, म्हणजे तासाभराने ती पाव भागही भरलेली नाही. वाटेतली गळती धरून एवढ्यासाठी पुढच्या गाडीला सुमारे १,४०० न्यूटन जादा जोर लावावा लागतो. तीन टनांची गाडी नुसती टायरवर लोळवायला सुमारे ३०० न्यूटन पुरतात. म्हणजे ब्रेक अर्धवट लागलेली गाडी ओढत नेण्यासारखे हे झाले, आणि हा सगळा ताण टो-बार, हिच (ओढणाऱ्या गाडीचा मागचा जोड), पुढच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि इंजिनावर तासभर राहतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम तीस टक्के भाग चाकांपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्या ३० युनिटांना १२ ते १४ लिटर जादा पेट्रोल जळते. तेवढीच वीज १५० किलोवॅटच्या चार्जरवर बारा मिनिटांत मिळते. आणि उतारावर किंवा वळणावर संगणकाने वीज साठवण्याचा जोर अचानक बदलला, तर मागून तीन टनांचा हिसका बसणार आहे, ज्यावर पुढच्या चालकाचा काहीही ताबा नाही. संकटात सापडलेल्या माणसाने एखाद-दुसरा किलोमीटर असे केले तर मी समजू शकतो. प्रवासाची पद्धत म्हणून ते चुकीचेच आहे.

तेव्हा ट्रेलर आलाच. पण ‘ट्रेलरवर चढवा’ म्हटल्याने प्रश्न संपत नाही, कारण आता वजन पुढे येते. बारीकसारीक फरक सोडले तर एफ-१५० लाइटनिंगचे वजन २,७०० ते ३,१०० किलो भरते, रिव्हियन आर१टीचे ३,२०० च्या आसपास. जीएमसी हमर ईव्ही पिकअप ४,१०० किलोंपुढे जाते, आणि तिची एकटी बॅटरीच सुमारे १,३०० किलोंची, म्हणजे एका छोट्या मोटारीच्या वजनाची आहे. अमेरिकेत गल्लोगल्ली भाड्याने मिळणारा यू-हॉलचा मोटारवाहू ट्रेलर ५,२९० पौंड, म्हणजे २,४०० किलोंपर्यंतच भार घेतो. दिसायला लाइटनिंग त्यावर बसेलही, पण वजनाने ती त्याला झेपत नाही. त्यासाठी १०,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,५०० किलो एकूण क्षमतेचा दोन आसांचा ट्रेलर लागतो, आणि त्याचे स्वतःचेच वजन एक टनाच्या घरात असते. गाडी आणि ट्रेलर मिळून चार टन झाले. हमर असेल तर हाही ट्रेलर अपुरा पडतो. पेट्रोलवर चालणाऱ्या अनेक मोटरहोमच्या मागच्या हिचची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे २,२७० किलो असते. तिथे लाइटनिंग ट्रेलरवरच काय, चारही चाकांवर ओढायची मुभा असती तरी चालली नसती. चुंबकाचा प्रश्न उद्या कोणी सोडवला तरी ही बेरीज जागेवरच राहणार आहे.

ट्रेलरवर गाडी कुठे उभी करायची, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चूक इथेच होते आणि ती शंभर किलोमीटर वेग गाठेपर्यंत लक्षात येत नाही. ट्रेलरच्या पुढच्या टोकाने हिचच्या बॉलवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार टाकला पाहिजे. चार टनांना तो ४०० ते ६०० किलो होतो. भार कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा तो झोका वाढत गेला की पुढच्या गाडीलाही फिरवून टाकतो. भार जास्त झाला तर पुढच्या गाडीचे नाक उचलले जाते आणि स्टिअरिंगची पकड सुटते. पेट्रोल पिकअप वर्षानुवर्षे चढवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत एक खूण बसलेली असते, की पुढची चाके अमुक फळीवर आली की बास. ती खूण इंजिनाच्या वजनावर बेतलेली आहे. पेट्रोल पिकअप पुढे जड आणि मागे हलकी असते. इलेक्ट्रिक पिकअपची बॅटरी दोन आसांच्या मधोमध पसरलेली असते, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य बराच मागे सरकलेला असतो. जुन्या खुणेवर उभी केली तर बॉलवरचा भार कमी पडतो. गाडी थोडी पुढे घ्यावी लागते, आणि किती ते डोळ्यांनी न ठरवता काट्यावर मोजावे. हाच भार ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवरही येतो. नेहमीच्या अर्ध्या टन वर्गातल्या पिकअपची वाहून नेण्याची क्षमता पुष्कळदा सातशे-आठशे किलोंच्या आसपास असते. त्यात बॉलवर पाचशे आणि आत चार माणसे बसली की ती संपली. तिच्या जाहिरातीत पाच टन ओढण्याचा आकडा असला तरी चार टनांचा हा ट्रेलर तिला झेपेलच असे नाही. एक पायरी वरचा, एफ-२५० सारखा ट्रक त्यासाठी योग्य. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत साधारण ३,००० पौंडांपुढे ते सक्तीचे आहेत. जोड तुटला तर ते आपोआप लावणारी तार गाडीच्या चौकटीला अडकवावी, बॉलला नाही, कारण बॉलच निखळला तर तार त्याच्याबरोबर जाईल.

बांधण्याच्या पट्ट्यांबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. दोन इंच रुंदीच्या रॅचेट पट्ट्याच्या लेबलवर दोन आकडे छापलेले असतात. मोठा असतो १०,००० पौंड, तो पट्टा तुटण्याचा आकडा. लहान असतो ३,३३३ पौंड, म्हणजे १,५०० किलो, तो कामाचा. विकत घेणाऱ्याची नजर पहिल्या आकड्यावर जाते. बांधताना दुसराच धरायचा, आणि चारही चाकांना स्वतंत्र पट्टा लावायचा. पट्टा चाकाच्या टायरवरून जाळीसारखा टाकावा. खाली वाकून हाताला लागेल त्या आडव्या तुकड्याला साखळी अडकवण्याची सवय इथे महाग पडते, कारण इलेक्ट्रिक पिकअपचे पोट म्हणजे बॅटरीचे कवच आहे. तिथे जॅक, फोर्कलिफ्टचे दाते किंवा साखळीचा आकडा लावणे म्हणजे लाखो रुपयांच्या वस्तूला भोक पाडायला जाणे. ओढून वर घेण्यासाठी निर्मात्याने दिलेला आकडाच वापरावा. तो कुठे आहे हे पुस्तिकेत चित्रासह असते. पहिल्या पंचवीसेक किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण तोवर गाडी आपल्या स्प्रिंगवर बसलेली असते आणि पट्टे ढिले पडलेले असतात.

मोठी बॅटरी भरलेली असून गाडी हलत नाही, असेही होते, आणि क्रेनवाले त्याने चक्रावतात. इलेक्ट्रिक पिकअपमध्ये दारे, पडदा, पार्किंग ब्रेक आणि मुख्य बॅटरीचे कॉन्टॅक्टर हे सगळे एका छोट्या कमी दाबाच्या बॅटरीवर चालते. बहुतेक गाड्यांत ती १२ व्होल्टची असते, सायबरट्रकमध्ये ही यंत्रणा ४८ व्होल्टची आहे. ती मेली की शंभर युनिट वीज पोटात असूनही पार्किंग ब्रेक सुटत नाही. सायबरट्रकमध्ये तर स्टिअरिंगचे चक्र आणि पुढची चाके यांच्यात लोखंडी जोडच नाही, सगळे तारांवर चालते. वीज पूर्ण गेली तर चक्र फिरवून चाके वळणार नाहीत. स्टिअरिंगवर भरवशाचा माणूस बसवण्याचा टोचनाचा जुना आधारही तिथे संपतो. म्हणून बंद गाडीजवळ आल्यावर पहिले काम विंच लावण्याचे नाही. आधी छोट्या बॅटरीला, तिच्याच व्होल्टेजचा आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, बाहेरून पुरवठा द्यावा आणि गाडी जागी होते का पाहावे. झाली तर ब्रेक सोडून अलगद वर घेता येते. नाही झाली तर चाकांखाली सरकते पाट घालून गाडी वर घ्यावी लागते, चाके न फिरवता. घट्ट धरलेली चाके डांबरावरून विंचने खरवडत ओढणे हा यावरचा उपाय नव्हे.

अपघात झालेली गाडी न्यायची असेल तर वेगळी काळजी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने विजेवरच्या गाड्यांच्या आगींचा अभ्यास केला, त्यातल्या दोन घटना टोचन करणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे अपघातात जळलेली मोटार विझवल्यानंतर ट्रकवर चढवताना तिची बॅटरी पुन्हा पेटली, आणि आवारात पोहोचल्यावर पुन्हा एकदा. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे अपघात झालेल्या मोटारीची बॅटरी पाच दिवसांनी, आवारात नुसती उभी असताना पेटली. त्या मोटारी होत्या, पिकअप नव्हेत. पण बॅटरीची जात तीच, आणि पिकअपमध्ये ती आणखी मोठी. मोडक्या बॅटरीत अडकून राहिलेली वीज बाहेरून काढता येत नाही आणि आतल्या एखाद्या पेशीत दोष असेल तर ती सावकाश तापत जाते. अशी गाडी नेणाऱ्याला ट्रक बोलावतानाच सांगावे की ती इलेक्ट्रिक आहे, धक्का खालून बसला की बाजूने, आणि पाण्यात किती वेळ होती. पेट्रोल पंपाशेजारी किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती उतरवू नये. आवारात तिच्याभोवती चहूबाजूंनी सुमारे १५ मीटर जागा मोकळी ठेवावी आणि रात्रीच्या रखवालदाराला कळवून ठेवावे की या गाडीतून फुसफुस आवाज आला, गोडसर उग्र वास आला किंवा पांढरा धूर निघाला तर जवळ जाऊन पाहायचे नाही, लांब होऊन आधी अग्निशमन दलाला फोन करायचा.